विली नेल्सन : सुरुवातीची कारकीर्द

नेल्सन, विली ह्यू : (जन्म २९ एप्रिल १९३३). अमेरिकन कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेले लोकप्रिय संगीत) गायक, गीतकार व गिटारवादक. जन्मगाव टेक्सस राज्यातील ॲबट. आईवडील लवकरच वेगळे झाल्याने विली आणि थोरली बहीण बॉबी यांना आजी-आजोबांनी वाढवले. आजोबा लोहार होते. विली सहा वर्षांचे असताना त्यांनीच गिटार हाती दिली. शाळकरी वयातच विली चेक वंशाच्या वस्त्यांमधील पोल्का (एक मध्य युरोपीय नृत्यसंगीत) वाद्यवृंदात वाजवू लागले. कापूस वेचण्यापेक्षा हे बरे, असा साधा हिशेब त्यामागे होता.

१९५० मध्ये हवाई दलात भरती झाली, पण पाठदुखीमुळे काही महिन्यांतच घरी परतावे लागले. पुढची काही वर्षे पोटासाठी पडेल ते काम करण्यात गेली. रेडिओ केंद्रांवर निवेदन आणि रात्री दारूगुत्त्यांत गाणे हे चालूच होते. काही काळ त्यांनी दारोदार विश्वकोशही विकले, ही गोष्ट विश्वकोशाच्या नोंदीत तरी यायलाच हवी. वॉशिंग्टन राज्यातील व्हँकूव्हर येथे (कॅनडातील नव्हे) निवेदक असताना त्यांनी ‘नो प्लेस फॉर मी’ ही पहिली ध्वनिमुद्रिका पदरमोड करून काढली व स्वतःच्याच कार्यक्रमातून तिची विक्री केली.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस ते ह्यूस्टन परिसरात आले. हातात गाणी भरपूर, खिशात पैसा नाही. एस्क्वायर बॉलरूम या नृत्यगृहातील बँडचालक लॅरी बटलर यांना त्यांनी प्रत्येकी १० डॉलरना गाणी देऊ केली. बटलर यांनी ती घेतली नाहीत, उलट उसने पैसे आणि बँडमध्ये काम दिले. सगळेच खरेदीदार असे नव्हते. ‘फॅमिली बायबल’ ५० डॉलरना गेले आणि १९६० मध्ये क्लॉड ग्रे यांच्या आवाजात गाजले. गीतकार म्हणून नावे मात्र विकत घेणाऱ्यांची लागली. रात्रीच्या त्या बॉलरूमच्या खेपांमध्ये सुचलेले ‘नाइट लाइफ’ १५० डॉलरना विकले गेले. ते कंट्री वाटत नाही, असे ध्वनिमुद्रिका कंपनीचे म्हणणे पडले, म्हणून नेल्सन यांनी ते दुसऱ्या कंपनीसाठी ‘ह्यू नेल्सन’ या नावाने गायले. या विक्रीबद्दल त्यांनी पुढे फारशी खंत केली नाही; त्या वेळी पैशांची गरज होती, एवढेच.

१९६० मध्ये ते कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला गेले. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा नामांकित रेडिओ कार्यक्रम ज्या रायमन सभागृहात होई, त्याच्या मागच्या बाजूला टूट्सीज हा बार गीतकारांचे बसण्याउठण्याचे ठिकाण होते. तिथे गीतकार हँक कॉक्रन यांनी त्यांची गाणी ऐकली आणि पॅम्पर म्युझिक या प्रकाशनसंस्थेत आठवड्याला ५० डॉलरवर नोकरी मिळवून दिली. त्यासाठी कॉक्रन यांनी स्वतःची पगारवाढ सोडली. १९६१ हे वर्ष फळले. फॅरन यंग यांचे ‘हेलो वॉल्स’ कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि पॅट्सी क्लाइन यांचे ‘क्रेझी’ दुसऱ्या. गायक रे प्राइस यांच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचीही संधी आली. बास येत नसतानाही नेल्सन यांनी होकार दिला.

गाणी इतरांच्या गळ्यात खपत होती, स्वतःचा गळा मात्र खपेना. नेल्सन शब्द ठेक्याच्या कधी मागे, कधी पुढे टाकतात. बोलता बोलता गावे तसे. त्याभोवती व्हायोलिनांचा ताफा आणि साथीचे गायक उभे केले की ही खुबीच बुजून जाते. आधी लिबर्टी आणि नंतर आरसीए या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी नेमके हेच केले. लिबर्टीकडे १९६२ मध्ये ‘टच मी’ सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, १९६४ मध्ये ऑप्रीचे सदस्यत्व मिळाले. आरसीएतील वर्षे मात्र बरीचशी कोरडी गेली. घराला आग लागली तेव्हा त्यांनी ‘ट्रिगर’ ही आपली मार्टिन कंपनीची गिटार वाचवली. १९७२ मध्ये ते टेक्ससला परतले व ऑस्टिनमध्ये स्थिरावले. तिथे हिप्पी आणि गुराखी एकाच सभागृहात बसून त्यांना ऐकू लागले.