माजी सैनिकांच्या नावाने देणगी घेणाऱ्या संस्थेचे हिशेब: ते मागवण्याचा अर्ज, लागणारी कागदपत्रे आणि वाचण्याची पद्धत

माजी सैनिक, वीरनारी किंवा कर्तव्यावर असताना अपंगत्व आलेले जवान यांच्यासाठी निधी मागणाऱ्या एखाद्या संस्थेला देणगी देण्यापूर्वी तिचा कारभार तपासायचा असेल, तर तिच्या माहितीपत्रकावर विसंबून राहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासाची (ट्रस्टची) कागदपत्रे धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतील जिल्हा अथवा विभागीय कार्यालयात दाखल होत असतात आणि माहितीच्या अधिकाराखाली ती कोणत्याही भारतीय नागरिकाला मागता येतात. त्यासाठी आपण त्या संस्थेचे देणगीदार, सभासद किंवा लाभार्थी असण्याची अट नाही, आणि माहिती कशासाठी हवी याचे कारणही अर्जात द्यावे लागत नाही.

आधी संस्था नेमकी कोणती हे ठरवून घ्यावे. सशस्त्र सेना ध्वजदिन निधी हा सरकारी निधी आहे. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो आणि त्याचे संकलन जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यामार्फत होते. नावात ‘सैनिक’, ‘वीर’ किंवा ‘शौर्य’ असे शब्द असलेली खासगी संस्था म्हणजे तो निधी नव्हे. नावातले साम्य आणि पावतीवरचा तिरंगा यांमुळे हा घोटाळा नेहमी होतो, म्हणून पावतीवर सर्वांत आधी नोंदणी क्रमांक शोधावा. तो ‘ई’ अक्षराने सुरू होत असेल तर ती संस्था सर्वसाधारण धर्मादाय न्यास म्हणून, आणि ‘एफ’ अक्षराने सुरू होत असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्था म्हणून नोंदलेली असते. क्रमांकापुढे नोंदणीचा जिल्हा लिहिलेला असतो आणि अर्ज त्याच जिल्ह्याच्या कार्यालयाकडे करायचा असतो. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी असेल, तर तिचे वार्षिक हिशेब कंपनी निबंधकाकडे असतात आणि ते शुल्क भरून ऑनलाइन पाहता येतात.

अर्ज महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांतील ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, संबंधित धर्मादाय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क माफ आहे, मात्र त्याने तसा दाखला जोडला पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीपासून एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा असा नियम आहे, त्यामुळे दोन संस्थांची माहिती एकाच अर्जात मागू नये. ‘या संस्थेचा कारभार पारदर्शक आहे का?’ असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण अधिकारी दप्तरातील कागद देऊ शकतो, मत देऊ शकत नाही. संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक देऊन पुढील कागदांच्या प्रती मागाव्यात: परिशिष्ट एकचा अद्ययावत उतारा, म्हणजे बोलीभाषेतला ‘शेड्यूल वन’, ज्यात विश्वस्तांची नावे असतात, संस्थेची घटना किंवा न्यासपत्र, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रके, आणि प्रलंबित असलेल्या बदल अर्जांची (विश्वस्त बदलल्यावर करायच्या अर्जांची) यादी. प्रतींसाठी पानाला दोन रुपये आकारले जातात. लाभार्थींची नावे, त्यांचे आजार किंवा बँक खाती मागू नयेत. ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाते आणि त्या एका मागणीमुळे बाकीचा अर्जही रेंगाळतो.

कागद हाती आले की पुष्कळ जण ताळेबंदाची शेवटची बेरीज पाहून थांबतात. खरे वाचन उत्पन्न-खर्च पत्रकात, म्हणजे न्यासांच्या हिशेबाच्या ठरलेल्या नमुन्यांपैकी अनुसूची नऊमध्ये आहे. तिथे खर्चाच्या बाजूला आस्थापना खर्च, विश्वस्तांचे मानधन, कायदेशीर खर्च, लेखापरीक्षण शुल्क, घसारा आणि राखीव निधीकडे वर्ग केलेली रक्कम अशा नोंदी असतात, आणि शेवटी ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ हे शीर्षक येते, ज्याखाली शिक्षण, वैद्यकीय मदत, दारिद्र्य निवारण आणि इतर धर्मादाय कामे यांचे आकडे स्वतंत्र असतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एकूण खर्च ४० लाख रुपये आणि त्यातील उद्दिष्टांवरील खर्च २६ लाख दिसला, तर रुपयातले ६५ पैसे कामावर गेले असे वाटते. पण त्या २६ लाखांत १५ लाख ‘जनजागृती कार्यक्रम’ या नावाने असतील, आणि तो कार्यक्रम म्हणजे देणगीचे आवाहन करणारी पत्रके व फोन असतील, तर सैनिकांच्या कुटुंबांपर्यंत ११ लाख, म्हणजे रुपयातले साडेसत्तावीस पैसे पोहोचले. हा आकडा पत्रकात कुठेही छापलेला नसतो. जोडलेल्या तपशिलातून तो आपणच काढायचा असतो. उलट, नव्या संस्थेने पहिल्या वर्षी कार्यालय उभारण्यावर जास्त खर्च केला असेल तर तेवढ्यावरून तिला दोषी ठरवणे घाईचे होईल, आणि तीन वर्षांचे कागद मागायचे ते यासाठीच.

ताळेबंदात, म्हणजे अनुसूची आठमध्ये, मालमत्तेच्या बाजूला ‘आगाऊ रकमा’ हा भाग पाहावा. त्यात विश्वस्त, कर्मचारी, कंत्राटदार, वकील आणि इतर अशा वेगळ्या ओळी असतात. विश्वस्तांच्या ओळीतील रक्कम वर्षानुवर्षे तशीच राहिली किंवा वाढत गेली, तर त्याचा खुलासा संस्थेकडे लेखी मागावा. गुंतवणूक कुठे आहे हेही तपासावे, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ ने न्यासाचा पैसा कुठे ठेवता येतो यावर बंधन घातले आहे, आणि कलम ३६ नुसार स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते.

लेखापरीक्षकाच्या अहवालाला याच अधिनियमाखालील नियम १९ प्रमाणे एक प्रश्नावली जोडलेली असते आणि माझ्या मते संपूर्ण संचातील सर्वांत उपयोगी पान तेच आहे. लेखापरीक्षणाच्या दिवशी रोख शिल्लक हिशेबाशी जुळली का, निधी उद्दिष्टाबाहेर वापरला गेला का, एखादा विश्वस्त संस्थेचा ऋणको (देणेकरी) किंवा धनको (घेणेकरी) आहे का, सभा नियमित होऊन इतिवृत्त लिहिले जाते का, मागील वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर झाल्या का, अशा प्रश्नांची उत्तरे तिथे द्यावी लागतात. सगळीकडे ठरावीक ‘होय’ आणि ‘नाही’ असेल तर त्यातून फारसे कळत नाही, पण जिथे लेखापरीक्षकाने ‘टीप पाहावी’ असे लिहिले असेल, ती टीप शोधून वाचल्याशिवाय देणगीचा निर्णय घेऊ नये.

परिशिष्ट एकच्या उताऱ्यात विश्वस्तांची नावे असतात. विश्वस्त बदलल्यास त्याच अधिनियमाच्या कलम २२ नुसार नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. उताऱ्यात दहा वर्षांपूर्वीची नावे आणि पत्रकावर निराळीच नावे असतील, तर सह्यांचा अधिकार नेमका कोणाकडे आहे हा प्रश्न उभा राहतो.

आयकरातील ८०जी या कलमाची पावती ही कारभाराची हमी नाही. तिचा संबंध देणगीदाराच्या करपात्र उत्पन्नातील वजावटीशी आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तरी व्यवहारात हेच नाव चालते. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम रोखीतच हवी असा आग्रह धरणाऱ्या संस्थेबाबत सावध राहिलेले बरे. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाकडील स्वतंत्र नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातून प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांपर्यंतच करता येतो.

अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आले नाही किंवा अपुरे आले, तर त्यानंतरच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करता येते आणि पुढे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील दाखल करता येते. ‘सदर वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल कार्यालयात दाखल नाहीत’ असे लेखी उत्तर आले, तर मात्र अपिलात वेळ घालवू नये. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि लेखापरीक्षणाला त्यापुढे सहा महिने मिळतात. ती मुदत उलटून गेलेली असेल, तर ते पत्रच संस्थेच्या विश्वस्तांपुढे ठेवून अहवाल मागावेत आणि ते मिळेपर्यंत देणगी थांबवावी.