चौकड्याची शंकरपाळी: किल्टबरोबरच्या मोज्यांची पार्श्वभूमी

भाच्याचं लग्न एडिनबरोत ठरलं. मुलगी तिथलीच, त्यामुळे सकाळी धोतर-उपरणं आणि संध्याकाळी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुष कमरेला नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घेर. किल्ट भाड्याने देणाऱ्या दुकानातून त्याचा फोन आला. "मावशी, कोट झाला, बूट झाले, कमरेची ती केसाळ पिशवीपण झाली. मोजे कुठले घेऊ? दुकानदार म्हणतो पांढरे घ्या, हिचे बाबा म्हणतात पांढरे घातलेस तर बँडवाला दिसशील, चौकटींचे घे." घराण्यात सुया हातात धरणारी मी एकटीच, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

तिकडचे जाणकार आज साधारण असं सांगतात: दिवसाच्या पोशाखावर एकरंगी मोजे, हिरवट, करडे, निळसर, कोटाशी किंवा किल्टमधल्या एखाद्या रंगाशी जुळणारे. रात्रीच्या समारंभाला चौकटींचे. पांढरे शक्यतो टाळा. ऐकताना वाटतं, डोंगरातल्या कुणा टोळीप्रमुखाने हे दगडावर कोरून ठेवलं असावं. पण यातला एकेक तुकडा वेगळ्या काळातून आला आहे आणि सगळ्यात जुना भाग तर मोजे नसण्याचा आहे.

१५४३ मध्ये जॉन एल्डर नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला पत्र लिहिलं. आम्हा हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या, लोकांना ‘रेडशँक’, म्हणजे लाल नडग्यांचे, का म्हणतात ते त्यात त्याने समजावलं आहे: थंडी असो वा पाऊस, आम्ही उघड्या पायांनी हिंडतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्ट्याने आवळायचं मोठं लोकरी वस्त्र रूढ झालं. आजचा किल्ट हा त्याचाच खालचा अर्धा भाग, तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळा निघाला. तोवर पायात मोजे आले होते, पण आखूड. १७३० च्या सुमारास इनव्हर्नेसच्या बाजूला राहिलेल्या बर्ट नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवलं आहे की हे मोजे पोटरीच्या फुगीर भागाच्या वर चढत नाहीत आणि तिथून अर्ध्या मांडीपर्यंत सगळं उघडंच. त्याला ते अशोभनीय वाटलं होतं. त्यापुढे आजचा ‘गुडघ्याच्या वाटीखाली तीन-चार बोटं’ हा संकेत बराच सोवळा म्हणायचा.

हे मोजे सुयांवर विणलेले नव्हते. टार्टनच्या चौकडी कापडातून कातरीने कापून, मागच्या बाजूला शिवण घालून केलेले होते. विणीला जो ताण असतो तो मागावरच्या कापडाला नसतो. सरळ कापलं तर पोटरीवर बसवलेला मोजा घोट्याशी झोळ खाईल आणि पाय वाकवताना उसवेल. म्हणून कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापायचं. चुडीदार पायजमा शिवणाऱ्या आपल्याकडच्या शिंप्याला हे समजवायला नको, तिथेही पोटरीवर कापड चिकटून बसावं म्हणून उरेबच लागतो. त्या काळी घोड्यावर बसणारे बडे लोक वापरत ती तंग विजार, ट्रूज, तीही अशीच कापलेली असे. विजार आणि मोजा मिळून एकच वस्त्र. तिचा खालचा भाग म्हणजेच हा मोजा असं म्हटलं तरी चालेल.

आता टार्टन म्हणजे चौकडा. उभे-आडवे पट्टे एकमेकांना काटकोनात छेदणारे. असं कापड उरेब कापून पायावर चढवलं की चौकोन टोकावर उभे राहतात, आपल्या शंकरपाळ्यांसारखे. आज ‘आर्गाइल’ म्हणून जगभर स्वेटरवर आणि मोज्यांवर दिसणारी शंकरपाळी कुणी कागदावर आखलेली नक्षी नव्हती. कापडाला ताण यावा म्हणून कातर तिरकी धरली आणि नक्षी आपोआप पडली. नाव आलं ते आर्गाइलच्या कॅम्पबेल घराण्यावरून.

मोजा वर धरायला गॅलिसला, म्हणजे इलॅस्टिकला, अजून बराच अवकाश होता. सुमारे वारभर लांबीची विणलेली लोकरी पट्टी गुडघ्याखाली दोन-तीन वेढे देऊन बांधत, बहुधा लाल रंगाची, आणि तिची विशिष्ट गाठ बाहेरच्या बाजूला येई. टोकं खाली लोंबत. आजच्या मोज्यांच्या दुमडीखालून डोकावणाऱ्या दोन रंगीत फिती, ज्यांना ‘फ्लॅश’ म्हणतात, त्या लोंबत्या टोकांचीच आठवण. आत गॅलिस असतं आणि फिती शोभेला.

मग बंदी आली. १७४६ मध्ये कलोडनच्या रणात जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचं, बंड मोडल्यावर लंडनच्या संसदेने हायलँडचा पोशाखच गुन्हा ठरवला. कायद्यात किल्टचं नाव आहे, प्लेडचं, म्हणजे त्या अंगाभोवती गुंडाळायच्या मोठ्या वस्त्राचं, आहे, ट्रूजचं आहे. मोज्यांचं स्वतंत्र नाव नाही, पण ‘त्या पोशाखाचा कोणताही भाग’ असे शब्द घालून पळवाट बुजवलेली. पहिल्यांदा सापडलं तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडलं तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. हे १७८२ पर्यंत चाललं. छत्तीस वर्षांत बाप मरतो, मुलाला पोशाख नेसायचा कसा हे ठाऊक नसतं, गावातला कातरणारा हात दुसऱ्या कामाला लागतो.

सुटका फक्त सरकारी फौजेला होती. हायलँडर पलटणींना किल्टही होता आणि मोजेही. त्यामुळे घराघरातल्या वेगवेगळ्या टार्टनऐवजी जी गोष्ट अखंड टिकली ती फौजी गणवेशाची: लाल-पांढऱ्या चौकटींच्या कापडाचे, उरेब कापलेले मोजे. रात्रीच्या समारंभाला चौकटींचे मोजे शोभतात असं आज जे म्हणतात, त्यामागे कुळाची परंपरा कमी आणि पलटणीच्या कोठीतलं कापड जास्त आहे, असं मला वाटतं. पुढे पलटणींनी आपापले रंग धरले. कॅमरन हायलँडर्सचे मोजे लाल-हिरवे, आर्गाइल अँड सदरलँडचे लाल-पांढरे.

या पलटणींची आपल्याशी गाठ पडली ती तलवारीच्या धारेवर. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या तोफखान्यावर चालून आलेल्या ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेत ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी होत्या. ७४वीची तर त्या दिवशी धूळधाण झाली. त्याची खूण म्हणून हत्ती आणि ‘असई’ हे नाव त्यांच्या निशाणांवर गेलं.

बंदी उठल्यावर चाळीस वर्षांनी, ऑगस्ट १८२२ मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने सोहळ्याची सगळी आखणी केली होती आणि शहरातल्या प्रतिष्ठितांनी टार्टन घालून यावं असा आग्रह धरला होता. यातल्या कित्येकांच्या आज्यापणज्यांनी हायलँडच्या लोकांना गुरंचोर म्हणून शिव्या घातल्या असतील. राजाने स्वतः होलिरूड राजवाड्यातल्या दरबारात पूर्ण पोशाख घातला. बिल आलं १,३५४ पौंड १८ शिलिंग. देह अवाढव्य, किल्ट आखूड आणि पायात गुडघ्यांवरून वर जाणारी गुलाबी तंग विजार, उघडं अंग दिसू नये म्हणून. डेव्हिड विल्कीने पुढे त्याचं मोठं चित्र काढलं तेव्हा गुलाबी विजार गाळून टाकली आणि राजाला बरेच सडपातळ पाय दिले. तेव्हापासून दोनशे वर्षं लोक त्या गुलाबी पायांवर हसत आले आहेत, पण किल्ट ‘राष्ट्रीय पोशाख’ झाला तो याच भेटीत. आणि पोशाख एकदा समारंभाचा झाला की त्याबरोबर काय घालावं याचे नियम लागतातच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फौजेत कापडी मोजे चालत होते. मग सुयांनी कातरीला मागे टाकलं. विणलेला मोजा पायाला बसतो, धुता येतो, शिवण टोचत नाही. सवाल एवढाच होता की डोळ्यांना सवय झालेली शंकरपाळी आता विणायची कशी. इथे विणणारीचा कस लागतो. मागावर लाल उभा धागा आणि पांढरा आडवा धागा जिथे भेटतात तिथे गुलाबीसर मिश्र चौकोन फुकट मिळतो. सुयांवर तो हवा असेल तर लाल आणि पांढरा असे दोन धागे एकत्र धरून विणावं लागतं. प्रत्येक शंकरपाळीला धाग्याची वेगळी गुंडी, त्यामुळे एका ओळीत दहा-पंधरा गुंड्या मागे लोंबतात आणि मोजा चार सुयांवर गोल विणता येत नाही, दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवावा लागतो. म्हणजे फिरून तीच मागची शिवण! पोटरीकडून घोट्याकडे टाके घटवत जायचे तेही त्या शिवणीशी, नाहीतर समोरची नक्षी वाकडी. मी एकदा हौसेने असा एक मोजा करायला घेतला होता. दुसरा कधी झाला नाही.

नक्षीचा पुढचा प्रवास किल्ट सोडून झाला. पहिल्या महायुद्धानंतर गोल्फ खेळणाऱ्यांनी आखूड विजारीखाली आर्गाइल मोजे घालायला सुरुवात केली. तेव्हाचा युवराज, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ विंडसर, त्यात आघाडीवर होता. स्कॉटलंडमधल्या हॉइकच्या प्रिंगल कंपनीने ती शंकरपाळी स्वेटरवर आणून जगभर नेली.

युद्धातला आणखी एक प्रकार सांगण्यासारखा आहे. किल्टवाल्या पलटणींना ‘होज टॉप’ मिळत, म्हणजे पाऊल नसलेले मोजे, घोट्याशी संपणारी नुसती विणलेली नळी. खाली साधे मोजे आणि बूट, वर स्पॅट, म्हणजे बुटावर चढवायचं घोट्याचं कापडी आवरण, किंवा पट्ट्या. मोजा फाटतो तो टाचेत आणि अंगठ्यात, पोटरीत कधीच नाही. मग महागडा भाग झिजवायचा कशाला?

एकरंगी मोज्यांची वाट राजवाड्याच्या अंगणातून जाते. व्हिक्टोरिया राणीसाठी तिच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, १८५२ मध्ये हायलँडमधली बाल्मोरलची जहागीर विकत घेतली आणि तिकडे शिकारीला, मासेमारीला जाणं ही श्रीमंतांची रीत झाली. झाडीत फिरायला लालभडक चौकटी कशाला? ट्वीडच्या कोटाशी मिळतील असे मातकट, शेवाळी, हेदर फुलांच्या जांभळट छटेचे जाड लोकरी मोजे आले, फक्त वरच्या दुमडीवर थोडी कलाकुसर. आजही ‘लोव्हॅट’ म्हणून विकला जाणारा करडा-हिरवा रंग लॉर्ड लोव्हॅटच्या नावाचा आहे. माझ्या मते किल्टबरोबर सगळ्यात देखणे हेच दिसतात, आणि दिवसा-रात्री दोन्ही वेळा चालतात.

पांढऱ्याचा उगम मात्र अगदी अलीकडचा. पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्या ताफ्यात, वीस-पंचवीस माणसं एका रंगात हवीत, मोजे स्वस्त हवेत, आणि पुढच्या वर्षी टार्टन बदललं तरी चालायला हवेत. गेल्या चार-पाच दशकांत भाड्याच्या दुकानांनीही हाच हिशेब उचलला: मलईच्या रंगाचा एकच जोड कुठल्याही किल्टखाली जातो, गरम पाण्यात धुता येतो, साठा एकच ठेवावा लागतो. लग्नांच्या हजारो फोटोंतून तो इतका पसरला की नव्या पिढीला तीच परंपरा वाटते. सासरेबुवांचा टोमणा त्यामुळे इतिहासाला धरून आहे. पण ज्या चौकटींच्या मोज्यांची ते बाजू घेतात, तेही एका सरकारी कोठीतूनच आलेले आहेत, हे मी भाच्याला सांगितलं आणि सासऱ्यांना सांगू नकोस असंही सांगितलं.

त्याने लोव्हॅट घेतले. उजव्या मोज्यात खोचायची छोटी कट्यार, ‘स्कीअन डू’, दुकानातूनच मिळाली. चाकू बाळगण्याविरुद्धच्या स्कॉटलंडच्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाला सूट आहे, पण विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाही. लग्नाच्या दिवशी रात्री फोटो आला. किल्टची कड गुडघ्याच्या वाटीवर, मोज्याची दुमड बरोबर चार बोटं खाली, फक्त दोन्ही फिती नडगीच्या मधोमध. मी लिहिलं, "फिती बाहेरच्या बाजूला वळव." पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला, त्यात डावी वळवली होती.