सूक्ष्म वित्तपुरवठा (कोल्हापूर जिल्हा)

सूक्ष्म वित्तपुरवठा : तारण ठेवायला जमीन, घर किंवा सोने नसलेल्या कुटुंबांना लहान रकमेची कर्जे आणि त्यासोबत बचत व विम्याच्या सोयी पुरवणारी व्यवस्था. कोल्हापूरच्या बोलण्यात ‘गटाचं कर्ज’ आणि ‘मायक्रो फायनान्सचं कर्ज’ हे शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बचत गटात बायकांची स्वतःची बचत हे मूळ भांडवल असते आणि बँक मागाहून येते. मायक्रो फायनान्समध्ये कंपनी किंवा बँक पहिल्या दिवसापासून कर्ज देते, गट फक्त जामीन राहतो. दारिद्र्य कमी करण्यातील या व्यवस्थेचा वाटा जोखताना हा भेद सुटला, तर एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा होते.

उगम : या कल्पनेचा आरंभ सामान्यतः बांगलादेशात मानला जातो. मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात केलेला प्रयोग, १९८३ मध्ये स्थापन झालेली ग्रामीण बँक आणि २००६ चे नोबेल शांतता पारितोषिक हा क्रम सर्वपरिचित आहे. मात्र अहमदाबादची सेवा बँक १९७४ मध्ये, म्हणजे जोब्राच्या दोन वर्षे आधी, इला भट्ट यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. गटाच्या सामूहिक हमीचे तत्त्व तर याहून बरेच जुने. जर्मनीत रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या ग्रामीण पतसंस्थांत एकाने बुडवले, तर बाकीच्यांनी भरायचे, असा नियम होता. फ्रेडरिक निकल्सन यांच्या मद्रास इलाख्यातील अहवालाने तो नमुना हिंदुस्थानात आणला आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे कलम आले. आज मायक्रो फायनान्सचे हप्ते गोळा करण्याच्या बैठकीला (‘सेंटर मीटिंग’) बसलेली बाई शेजारणीचा थकलेला हप्ता भरते, तेव्हा ती नकळत हेच कलम पाळत असते. त्यामुळे सूक्ष्म वित्तपुरवठा ही १९७० नंतरची कल्पना, हे मत संस्थांच्या रूपापुरतेच स्वीकारता येते.

कोल्हापूर संस्थानात सहकाराचा कायदा राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२), १९१२–१३ च्या सुमारास आला आणि नागरी पतसंस्थांची सुरुवातही त्याच काळातली. १८७५ च्या दख्खन दंग्यांत पुणे–नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतरचा १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, संस्थानला आपली वाट स्वतः काढावी लागली. पुढे जिल्हा मध्यवर्ती बँक, गावोगावच्या विकास सेवा संस्था, साखर कारखाने आणि १९६३ पासून ‘गोकुळ’ दूध संघ असे जाळे विणले गेले. पतपुरवठ्याच्या बाबतीत हा महाराष्ट्रातील सर्वांत दाट जिल्ह्यांपैकी एक आहे. तरीही येथे मायक्रो फायनान्सला इतके गिऱ्हाईक का मिळाले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर सातबाऱ्यात आहे. विकास संस्थेचे पीककर्ज जमिनीवर मिळते आणि वसुली ऊसबिलातून कापून होते. ज्या घरात जमीन नाही, किंवा जमीन आहे पण उताऱ्यावर बाईचे नाव नाही, तिथे हे जाळे पोचतच नाही. भूमिहीन मजूर, इचलकरंजीतल्या कांडीवाल्या (यंत्रमागासाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायका), हुपरीत घरी बसून चांदीचे पैंजण जोडणाऱ्या स्त्रिया, कोल्हापुरी चपलेच्या वेण्या विणणारी कुटुंबे हे सगळे सहकाराच्या अंगणात राहूनही त्याच्या उंबऱ्याबाहेर राहिले.

भिशी : संस्थांच्या आधीपासून चालत आलेला प्रकार म्हणजे भिशी. वीस जणींनी दरमहा हजार रुपये घालायचे, चिठ्ठी निघेल तिने वीस हजार उचलायचे, वीस महिन्यांत फेरी पुरी. लिलाव भिशीत गरजू सभासद कमी रकमेवर बोली लावते. तिने १७ हजारांवर उचलली, तर उरलेले ३ हजार वीस जणींत दीडशे-दीडशे वाटले जातात आणि तोच इतरांचा नफा. या प्रकारच्या मंडळांचा तौलनिक अभ्यास मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ (१९६२) व शर्ली आर्डनर (१९६४) यांनी केला. त्यांपैकी गिर्ट्झ यांचे मत असे, की शेतीप्रधान समाज व्यापारी समाजाकडे वळताना ही मधली पायरी असते आणि पुढे बँका तिची जागा घेतात. आर्डनर यांना हे मान्य नव्हते. कोल्हापुरात गल्लीच्या तोंडाशी बँक असताना सराफ, डॉक्टर आणि शिक्षकही भिशी लावतात, हे पाहता आर्डनर यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते.

‘भिशी’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तो ‘वीस’ या संख्येवरून आला. हिंदीत ‘बीसी’ आणि गुजरातीत ‘वीशी’ ही रूपे आढळतात आणि मूळ मंडळात वीस सभासद असत, असे सांगितले जाते. मराठीत मात्र भिशी म्हणजे वर्गणी काढून चालवलेली सामाईक खानावळ किंवा जेवण, असाही रूढ अर्थ आहे. गुजराती ‘वीशी’लाही खानावळीचा अर्थ आहे. सीमाभागात कन्नड ‘बिसी’शी (गरम) नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु ध्वनिसाम्यापलीकडे त्याला आधार नाही. भिशीत वीस ही संख्या कधीच बंधनकारक नव्हती. तेव्हा वर्गणीच्या पंगतीवरून वर्गणीच्या पैशाकडे अर्थ सरकला असावा, हे जास्त संभवनीय. कोल्हापुरात मित्रमंडळी रस्सा-मटणासाठी जमतात त्यालाही भिशीच म्हणतात, ही गोष्ट याच बाजूने बोलते. कायद्याच्या दृष्टीने लिलाव भिशी १९८२ च्या चिट फंड कायद्याच्या कक्षेत येते, गल्लीतल्या भिशीला मात्र त्याचा पत्ता नसतो. तिचा सारा आधार भिशी चालवणारीच्या शब्दावर. ती गाव सोडून गेली, की दाद मागायची सोय जवळपास नाही.

बचत गट : नाबार्डने (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक) १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. राज्यात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम), १९९९ ची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आणि २०११ पासूनचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान (‘उमेद’) यांमुळे गटांची संख्या वाढत गेली. गट दहा ते वीस जणींचा असतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोबलेखन या पंचसूत्रीवर बँक त्याची पारख करते. अंतर्गत कर्जाचा दर बहुधा शेकडा दोन रुपये महिना असतो. वर्षाचे २४ टक्के म्हटले की ते महाग वाटते, पण हे व्याज गटातच राहते आणि शेवटी बायकांच्याच वाट्याला येते. कंपनीच्या कर्जाशी तुलना करताना हे सहसा विसरले जाते.

कंपनीचे कर्ज : पाच-सहा जणींचे गट एकत्र येऊन ‘सेंटर’ बनते. ठरलेल्या दिवशी सकाळी, रोजगारावर जायच्या आधी, कुणाच्या तरी सोप्यात किंवा समाजमंदिरात बैठक भरते. फिल्ड ऑफिसर मोटरसायकलवरून येतो, बायका आपापल्या गटाच्या ओळीत बसतात, एकत्र प्रतिज्ञा म्हणतात आणि पैसे गटप्रमुखाच्या हातून पुढे सरकतात. एखादी आली नसेल, तर तिचा हप्ता जमेपर्यंत बैठक उठत नाही. ‘मीटिंग अडकली’ हा शब्दप्रयोग यातूनच आला. एकीच्या थकबाकीने नऊजणींचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. हप्ता वसूल करण्याचे खरे साधन हाच खोळंबा आहे, कागदावरची जामीनकी त्यापुढे दुय्यम.

दर कसा सांगितला जातो, यावर बरेच काही अवलंबून असते. ४० हजारांचे कर्ज, मुदत २४ महिने. ‘सपाट १२ टक्के’ (म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज) म्हटले तर व्याज ९,६०० आणि मासिक हप्ता सुमारे २,०६७ रुपये. पण मुद्दल दरमहा फिटत असते. त्यामुळे घटत्या शिलकीवर हाच दर २१.६ टक्क्यांच्या आसपास जातो. घटत्या शिलकीवर उघडपणे २४ टक्के सांगणाऱ्याचा हप्ता सुमारे २,११५ पडतो. ऐकायला बारा आणि चोवीस, हप्त्यात फरक पन्नासेक रुपयांचा. तरीही खासगी सावकाराचा शेकडा पाच-दहा रुपये महिना हा दर समोर असला, की कोणतेही मायक्रो फायनान्स स्वस्तच वाटते, आणि ते वाटणे चुकीचे नाही.

दारिद्र्यावरील परिणाम : या विषयावरील विद्वानांचा वाद दीर्घ आहे. पिट व खांडकर या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये बांगलादेशातील पाहणीवरून असे मांडले, की स्त्रीला कर्जाऊ दिलेल्या प्रत्येक १०० टाक्यांमागे (टका हे तिथले चलन) घराचा वार्षिक उपभोग १८ टाक्यांनी वाढतो, पुरुषाच्या बाबतीत ११ टाक्यांनी. हा आकडा जगभर फिरला. त्याच वर्षी जोनाथन मॉर्डक यांनी आक्षेप घेतला, की अर्ध्या एकरापेक्षा कमी जमिनीची अट, जिच्यावर सारे गणित उभे होते, ती प्रत्यक्षात पाळली जात नव्हती. २००९ मध्ये रूडमन व मॉर्डक यांनी तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली आणि कर्जामुळे उपभोग वाढला हे त्यातून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. पिट यांनी तो मान्य केला नाही.

पुढे अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांत यादृच्छिक निवडीने तुलना केली. निम्म्या वस्त्यांत मायक्रो फायनान्स संस्थेची शाखा आधी उघडली, उरलेल्यांत नंतर. कर्ज मिळालेल्या वस्त्यांत टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली, चालू धंद्यांत गुंतवणूक वाढली. दरडोई उपभोगात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही, आणि स्त्रियांच्या घरातील निर्णयाधिकारातही नाही. नफा वाढला तो आधीच बऱ्यापैकी चाललेल्या धंद्यांचा. २०१५ मध्ये हा अभ्यास बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया व मोरोक्को येथील पाच अभ्यासांबरोबर प्रसिद्ध झाला आणि सहांचाही सूर एकच होता : उपयोग आहे, पण माफक, कायापालट नाही. आज हेच मत अधिक ग्राह्य धरले जाते.

कोल्हापूरच्या संदर्भात या निष्कर्षाचा अर्थ म्हशीवरून लावता येतो. दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी होते, त्यामुळे म्हशीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता निघायला वाट सापडते. ज्या घरी स्वतःची वैरण आहे तिथे म्हैस परवडते. भूमिहीन घरात मात्र वैरण विकत, पेंड विकत आणि भाकड काळात बिल शून्य, हप्ता तेवढाच. म्हणजे कर्जाने गरिबी हटते ती कर्जाखेरीज दुसरे काही हाताशी असणाऱ्याची. उरलेल्यांच्या हाती कर्ज बहुतेक वेळा खर्चाची भर काढते : जूनमधली वह्या-पुस्तके, दवाखाना, लग्न, गौरी-गणपती, गळते कौल. हा उपयोग कमी लेखण्याचे कारण नाही, कारण सावकाराची पायरी त्यामुळे चुकते. पण उत्पन्न त्याने वाढत नाही. ‘उत्पादक कारणासाठी’ म्हणून अर्जात शिलाई मशीन लिहिले जाते आणि पैसे मुलीच्या लग्नाला जातात, हे देणाराही जाणतो.

मर्यादा व संकटे : आंध्र प्रदेशात अनेक कंपन्यांची कर्जे एकाच घरात साचून २०१० मध्ये संकट उभे राहिले. राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढला, जानेवारी २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठी वेगळा वर्ग केला. एका कर्जदाराला दोनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये, असा नियम आला, पण तो बँकांना लागू नव्हता, आणि हीच फट पुढे रुंदावली.

कोल्हापुरात ताण उघड झाला तो पुरामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरले, घरात गाळ, म्हशी दगावलेल्या, आणि हप्त्याचा वार मात्र ठरलेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवण्याची मुभा दिली, पण त्या काळातले व्याज चढतच राहिले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. या काळात कर्जमाफीसाठी महिलांचे मोर्चे निघाले. माफीची मागणी सरकारी पीककर्जाच्या धर्तीवर होती, पण खासगी कंपनीचे कर्ज माफ करणे सरकारच्या हातात नसते आणि राज्याचा २०१४ चा सावकारी कायदाही रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणातील संस्थांना लागू पडत नाही. इचलकरंजीत आणखी एक कारण भर घालते : खर्चीवाल्या (व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणाऱ्या) यंत्रमागधारकाचे साचे, म्हणजे माग, मंदीत थांबले, की कांडीवालीची मजुरी त्याच आठवड्यात थांबते.

नियमन : १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज मानले जाते, मग देणारी बँक असो वा कंपनी. सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड नसावा आणि वसुलीत दमदाटी नसावी, असे बंधन आहे. व्याजदरावरची मर्यादा मात्र काढून घेतली गेली. उत्पन्नाची नोंद कर्ज घेणारीच्या सांगण्यावर होते. रोजंदारीचे उत्पन्न महिन्याला किती धरायचे, हे फिल्ड ऑफिसर आणि ती मिळून ठरवतात, आणि दोघांनाही ते थोडे जास्तच हवे असते.

पतनोंदीच्या (कुणाच्या नावावर किती कर्ज आणि किती थकबाकी याच्या नोंदीच्या) तपासणीमुळे एका नावावर मिळणाऱ्या कर्जांना आळा बसला. त्यातून ‘नाव वापरायला देणे’ हा प्रकार वाढला. जिची मर्यादा संपली ती जाऊबाईच्या किंवा शेजारणीच्या नावाने कर्ज उचलते आणि हप्ता स्वतः भरते. हप्ता थकला, की नोंद खराब होते ती नाव देणारीची. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी ती स्वतः बँकेत गेली, की जुनी थकबाकी निघते, आणि ते कर्ज आपण घेतलेच नव्हते हे दाखवायला तिच्याकडे कागद नसतो.