आई-बाबांना वॉचमन बसवायचंय? मेडिकेअरच्या अटी आणि कागदपत्रं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या आई-बाबांपैकी कुणाला एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) असेल आणि डॉक्टरांनी वॉचमन किंवा अॅम्युलेट हे हृदयात बसवायचं डिव्हाइस सुचवलं असेल तर हे वाचा. या आजारात ठोके अनियमित पडतात, हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते तिथे रक्त साचून गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. डिव्हाइस मांडीच्या शिरेतून नेतात आणि त्या पिशवीचं तोंड कायमचं बंद करतात. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, याचा खर्च देतं पण २०१६ पासून अटी लेखी ठरलेल्या आहेत.

मुळात मेडिकेअर आहे का ते बघा. वय ६५ हवं, आणि ग्रीन कार्डवर असतील तर सहसा सलग ५ वर्षं इथे राहिलेले हवेत. स्वतः किंवा जोडीदाराने इथे पुरेशी वर्षं नोकरी केली नसेल तर पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) विकत घ्यावा लागतो, २०२५ मध्ये तो महिन्याला ५१८ डॉलरपर्यंत होता. मुलांनी इतकी वर्षं भरलेला टॅक्स यात धरत नाहीत, बरेच जण इथेच गोंधळतात.

आता पेशंटच्या अटी. स्ट्रोकचा धोका मोजणारा चॅड्स-व्हॅस्क स्कोअर किमान ३ हवा, किंवा जुना चॅड्स स्कोअर किमान २. चॅड्स-व्हॅस्कमध्ये वय ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर २ पॉइंट, ६५ ते ७४ ला १, बीपी १, डायबेटीस १, हार्ट फेल्युअर १, हार्ट अटॅक वगैरे झाला असेल तर १, आधी स्ट्रोक झालेला असेल तर २, बाई असेल तर १. म्हणजे ७६ वर्षांचे बीपीवाले बाबा इथेच बसले. पण लहानपणच्या रुमॅटिक तापाने झडप आकसलेली असेल, जे आपल्याकडच्या त्या पिढीत बघायला मिळतं, तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण हे झडपेमुळे न झालेल्या एएफसाठीच आहे.

पुढची अट खरी अवघड. पेशंट थोडे दिवस वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी, म्हणजे ब्लड थिनर) घेऊ शकतो पण कायमचं ब्लड थिनर घेऊ शकत नाही, असं ठरायला हवं, आणि ते डिव्हाइस बसवणाऱ्या डॉक्टरने ठरवून चालत नाही. प्रोसीजर न करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरने ब्लड थिनरबद्दल निर्णय घ्यायला मदत करणारं, पुराव्यावर आधारलेलं डिसिजन टूल वापरून पेशंटशी चर्चा करायची आणि तशी नोट रेकॉर्डला लावायची. माझ्या मते सगळ्या फाइलमध्ये हाच कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपली माणसं काय करतात, घरी रोज नाकातून रक्त येतं, दोनदा बाथरूममध्ये पडलेले असतात, आणि डॉक्टरसमोर म्हणतात "काही त्रास नाही, मजेत आहे". तेच नोटमध्ये जातं! त्यामुळे आधीच तारखांसकट लिहून न्या, आणि इंग्रजी कमी कळत असेल तर मराठी इंटरप्रिटर मागा, हॉस्पिटलने तो फुकट द्यायचा असतो.

सोबत काय न्यायचं: मेडिकेअर कार्ड, अॅडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर त्याचं कार्ड, फोटो आयडी, गोळ्यांची यादी डोससकट, ईसीजी किंवा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवतात तो ईसीजी), इको, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, पडल्यावर ईआरमध्ये (इमर्जन्सी विभागात) गेल्याच्या नोट्स. अल्सरमधून ब्लीडिंग पुण्यात असताना झालं असेल तर तिथली डिस्चार्ज समरी आणि एंडोस्कोपीचा रिपोर्ट नक्की मागवून घ्या, पुरावा म्हणून तोच कामाला येतो.

हॉस्पिटललाही अटी आहेत, डॉक्टरने आधी अशा किमान २५ प्रोसीजर केलेल्या हव्यात ज्यात हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यातून सुई नेतात, आणि पेशंटचं नाव नॅशनल रजिस्ट्रीत घालून ४ वर्षं फॉलोअप ठेवायचा असतो. हे सरळ विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

अॅडव्हान्टेज प्लॅनवाल्यांना बहुतेकदा आधी मंजुरी लागते. २०२६ पासून साध्या अर्जाचं उत्तर ७ दिवसांत द्यायचं असतं, अर्जंट असेल तर ७२ तासांत. नकार आला तर नोटीसच्या तारखेपासून ६५ दिवसांत अपील करता येतं, आणि अपीलला ती चर्चेची नोट जोडायला विसरू नका.