डिजिटल सूक्ष्मदर्शक

भिंगांनी मोठी केलेली प्रतिमा प्रकाशसंवेदी चिपवर घेऊन ती पडद्यावर दाखवणारे आणि साठवून ठेवणारे उपकरण. यात नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) नसते, किंवा असली तर तिच्या जोडीला कॅमेरा बसवलेला असतो. संगणकाला यूएसबी तारेने जोडायची जाडसर पेनासारखी नळी आणि नमुना ठेवलेली संपूर्ण काचपट्टी आपोआप टिपणारे रुग्णालयातील यंत्र या दोहोंना हेच नाव लावतात. त्यामुळे या उपकरणाच्या क्षमतेबद्दल सरसकट विधान करता येत नाही.

इतिहास : सूक्ष्मदर्शकातील दृश्य टिकवून ठेवण्याची खटपट छायाचित्रणाच्या आरंभकाळाइतकी जुनी आहे. आल्फ्रेड दोने व लेआँ फूको यांनी सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या दागेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरील आरंभीची छायाचित्रे) चित्रांवर आधारलेला चित्रसंग्रह १८४५ मध्ये प्रसिद्ध केला. डिजिटल टप्प्याची पायाभरणी मात्र १९६९ मध्ये झाली. त्या वर्षी बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी (प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून प्रतिमा टिपणारी चिप) ही संकल्पना मांडली. तीबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पहिला डिजिटल सूक्ष्मदर्शक कोणता, याविषयी एकमत नाही. टोकियोतील हायरॉक्स या भिंगे बनवणाऱ्या कंपनीने १९८६ च्या सुमारास तो बनवला, असे सामान्यपणे सांगितले जाते. भिंगयुक्त नळी, नियंत्रक पेटी आणि पडदा ही आजच्या उपकरणाची ठेवण त्यात दिसते. पण सुरुवातीच्या या उपकरणांत प्रतिमेचा संकेत अनुरूप म्हणजे अॅनालॉग स्वरूपातच वाहून नेला जात असे. प्रतिमेचे अंकांत रूपांतर होणे ही कसोटी मानली, तर मूळ शोधण्यासाठी आणखी मागे जावे लागते. शिन्या इनोउए आणि रॉबर्ट अॅलन यांनी १९८१ च्या आसपास सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडून इलेक्ट्रॉनिक रीतीने प्रतिमेचा उठाव वाढवला. त्यानंतर लवकरच पार्श्वभूमीवरील डाग संगणकीय स्मृतीत साठवून प्रतिमेतून वजा करण्याची पद्धत आली. अवघ्या २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिका (पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनांच्या नळ्या) जिवंत पेशीत हलताना या तंत्राने दिसू लागल्या. पडद्यावर त्या खऱ्या रुंदीपेक्षा कितीतरी जाड दिसत, कारण त्यांचे अस्तित्व कळत होते, विभेदन (जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणे) होत नव्हते. उपकरणाच्या बाह्य रूपाचा मान टोकियोकडे जात असला, तरी तत्त्वाच्या दृष्टीने हा दुसरा वंश अधिक पटण्याजोगा वाटतो.

शाळकरी मुलांपर्यंत हे उपकरण पोचवण्यात इंटेल व मॅटेल या कंपन्यांनी १९९९ मध्ये आणलेल्या क्यूएक्स३ या खेळण्याचा मोठा वाटा आहे. त्यावर १०, ६० आणि २०० पट अशी तीन विवर्धने होती.

विवर्धन व विभेदन : या उपकरणाविषयीचे बहुतेक गैरसमज ‘इतके पट’ या आकड्यातून उद्भवतात. नेत्रिकेच्या सूक्ष्मदर्शकात वस्तुभिंग (वस्तूजवळचे भिंग) आणि नेत्रिका यांच्या आकड्यांचा गुणाकार केला की विवर्धन मिळते. पडद्यावर मात्र ते पडद्याच्या आकारानुसार बदलते. दृष्टिक्षेत्राची रुंदी १.५ मिलिमीटर असेल आणि ते ३४५ मिलिमीटर रुंद पडद्यावर पसरले, तर विवर्धन २३० पट होते. तेच दृश्य भिंतीवर प्रक्षेपित केले तर काही हजार पट होईल, पण तपशील एका कणानेही वाढणार नाही. म्हणून खोक्यावरच्या १००० या आकड्यापेक्षा दृष्टिक्षेत्राची रुंदी विचारावी. ती मोजायला मिलिमीटरची साधी पट्टी भिंगाखाली ठेवून पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती खुणा मावतात ते पाहिले की पुरते.

तपशिलाची अंतिम मर्यादा प्रकाशाच्या विवर्तनाने (कडेपाशी पसरण्याने) ठरते. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार वेगळे ओळखता येणारे किमान अंतर म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीला वस्तुभिंगाच्या संख्यात्मक रंध्राच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते ते सांगणाऱ्या आकड्याच्या) दुपटीने भागून येणारी संख्या. ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि ०.६५ रंध्राचे ४० पटीचे वस्तुभिंग घेतले, तर हे अंतर सुमारे ०.४२ मायक्रोमीटर येते. चिपवर ते ४० पट होऊन जवळपास १७ मायक्रोमीटर होते. ते नोंदवण्यासाठी किमान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे ८.५ मायक्रोमीटरचा पिक्सेलही पुरेसा असतो. प्रचलित कॅमेऱ्यांचे पिक्सेल याहून बरेच लहान असल्याने उच्च विवर्धनाला मेगापिक्सेल वाढवून फारसे काही हाती लागत नाही. कमी विवर्धनाला गणित उलटते : ०.१० रंध्राचे ४ पटीचे वस्तुभिंग आणि मध्ये प्रतिमा निम्मी करणारे जोडभिंग असेल, तर पिक्सेल २.७ मायक्रोमीटरच्या आसपास असावा लागतो. शिवाय रंगीत चिपवर प्रत्येक पिक्सेल एकच रंग नोंदवतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. बायर जाळीत (चिपवरील रंगगाळण्यांच्या नेहमीच्या मांडणीत) निम्मे पिक्सेल हिरव्याचे असतात, म्हणून लाल-निळ्या तपशिलासाठी वरील हिशेबात आणखी सूट ठेवावी लागते.

शिक्षण : वर्गात एकाच वेळी सर्वांना तेच दृश्य दिसते, आणि मूल ‘केंद्रक’ म्हणून कशाकडे बोट दाखवते आहे ते शिक्षकाला कळते. हा लाभ खरोखर मोठा आहे, कारण नेत्रिकेत डोकावणारा विद्यार्थी अनेकदा हवेचा बुडबुडाच पेशी समजून रेखाटतो. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक वस्तू पाहायला मात्र प्रकाश खालून यावा लागतो. स्वस्त नळीच्या तोंडाशी असलेले एलईडीचे कडे अशा वेळी बंद करावे, नाहीतर काचेवरची चकाकी सारे धुऊन टाकते. पापुद्र्यावर आयोडिनाचा थेंब टाकला की विटांसारखी पेशींची रचना आणि प्रत्येकीतील पिवळसर तपकिरी ठिपका स्वच्छ उठून दिसतो. छापील रंगीत चित्रातले निळे, गुलाबी, पिवळे व काळे ठिपके हा आणखी एक उत्तम पाठ आहे; त्याला कोणतीही पूर्वतयारी लागत नाही.

छंद : नाणी, टपाल तिकिटे, खनिजे, कीटक, घड्याळे आणि इलेक्ट्रॉनिक जोडकाम हे मुख्य वापर होत. झिजलेल्या नाण्यावर समोरून प्रकाश टाकल्यास अक्षरे सपाट होतात. एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागालगत टाकल्यास त्यांच्या सावल्या पडून ती वाचता येतात. १ × ०.५ मिलिमीटरचे सुटे भाग जोडताना विवर्धनापेक्षा भिंगाखालची मोकळी जागा महत्त्वाची, कारण डाख देण्याच्या हत्याराचे तापलेले टोक आत शिरायला हवे. प्रतिमा पडद्यावर उशिरा पोचत असेल तर हात आणि डोळा यांचा मेळ बसत नाही. खोलीची जाणही पडद्यावर हरवते. अशा कामाला दोन नेत्रिकांचा त्रिमितीदर्शी सूक्ष्मदर्शकच सरस ठरतो.

प्रयोगशाळा : मोजमाप करायचे असेल तर अंशांकन (प्रतिमेतील एक पिक्सेल म्हणजे प्रत्यक्षात किती लांबी ते ठरवणे) अनिवार्य आहे. त्यासाठी १ मिलिमीटरचे १०० भाग आखलेली प्रमाण काचपट्टी वापरतात. दोन रेघांत १० मायक्रोमीटर अंतर असते. प्रत्येक वस्तुभिंगासाठी हे वेगळे करावे लागते. हाती धरायच्या नळीत फोकसचे चक्र फिरवताच विवर्धनही बदलते, त्यामुळे जुने अंशांकन तत्काळ निरुपयोगी होते. इमेजजे ही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९७ मध्ये तयार झालेली मुक्त प्रणाली या कामी सर्वत्र वापरली जाते. प्रकाशाची तीव्रता तोलायची असल्यास कॅमेऱ्याची स्वयंचलित उद्भासन (किती प्रकाश आत घ्यायचा ते ठरवणारी) व्यवस्था बंद ठेवणे आणि प्रतिमा माहिती न गाळणाऱ्या स्वरूपात जतन करणे आवश्यक असते.

विकृतिविज्ञानात (ऊती व पेशी तपासून रोगनिदान करणाऱ्या शाखेत) संपूर्ण काचपट्टी टिपण्याची पद्धत रुळली आहे. १५ मिलिमीटर बाजूचा चौरस पिक्सेलमागे ०.२५ मायक्रोमीटर या प्रमाणात टिपला तर ३६० कोटी पिक्सेल होतात, आणि असंपीडित फाइल सुमारे ११ गिगाबाइटची होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये अशा एका प्रणालीला प्राथमिक निदानासाठी प्रथमच परवानगी दिली. ऊतीचा पातळ काप एका फोकसमध्ये बसतो. जाड पेशीलेपात (काचेवर पसरलेल्या सुट्या पेशींच्या थरात) मात्र पेशी वेगवेगळ्या पातळ्यांवर असल्याने प्रत्येक पातळी स्वतंत्रपणे टिपावी लागते, आणि फाइल त्या पटीने फुगते.