लाल कोट, पण नेमका कोणता लाल?

वॉटर्लूच्या लढाईतलं (१८१५) ब्रिटिश पायदळ वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांनी लढाया खेळण्यासाठी, रंगवायला घेतलं की एक सल्ला हमखास मिळतो: गणवेशाचा 'खरा' लाल शोधा आणि अख्ख्या पलटणीला तोच द्या, नाहीतर इतिहास चुकला.

असा एकच लाल तेव्हा नव्हताच. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांनी रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचं कापड उंची, कोचिनील किड्यांपासून काढलेल्या रंगाचं, झगझगीत. म्हणजे एकाच तुकडीत दोन लाल उघड दिसायचे. त्यात मुळांच्या रंगाची प्रत्येक खेप थोडी वेगळी उतरते, आणि महिनोन्महिने ऊन-पाऊस खाल्लेला कोट पार विटतो. शेजारी नवा भरती झालेला शिपाई उभा राहिला की फरक कळणारच.

शिवाय प्रश्न आकाराचा. २८ मिलिमीटरच्या पुतळ्यावर कापडाशी तंतोतंत जुळणारा रंग लावलात, तरी हातभर अंतरावरून तो काळपट दिसतो. म्हणून मुरलेली मंडळी मूळ छटाच उजळ घेतात. मी (दोन बाटल्या वाया घालवून शहाणा झालो) आधी तपकिरी-लाल थर देतो, मग खांद्यावर आणि बाहीच्या घड्यांच्या कडांवर किंचित नारिंगी मिसळलेला लाल ओढतो. पांढरा मिसळाल तर कोट गुलाबी होईल. दर चार-पाच शिपायांमागे एकाच्या मिश्रणात तपकिरीचा थेंब जास्त टाकतो, बस.

कॉलर आणि कफचा रंग मात्र रेजिमेंटप्रमाणे ठरलेला असे. तिथे अंदाजपंचे चालत नाही.