दोह्याला जाताना उशीर, येताना घाई

नागपूरचं सोनेगाव विमानतळ ते कतारची राजधानी दोहा हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलं तर साधारण २,८४० किलोमीटर भरतं. प्रवासी जेटचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, की भागाकार येतो तीन तास वीस मिनिटं. पण हिवाळ्यात दोह्याकडे जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी.

व्हॉट्सअ‍ॅपवर याचं कारण तयार असतं: 'पृथ्वी फिरते ना!' फिरते, पण पश्चिमेकडून पूर्वेकडे. तेवढंच कारण असतं, तर दोहाच विमानाच्या दिशेने सरकत आलं असतं आणि जायलाच कमी वेळ लागला असता. तसं होत नाही, कारण हवाही जमिनीसोबत फिरते.

तरी पृथ्वीचं फिरणं यात आहेच, फक्त वळसा घालून. विषुववृत्तावरची जमीन, आणि तिच्यासोबत हवा, ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे जाते. तापलेली हवा वर चढून उत्तरेकडे सरकते. ३० अंश अक्षांशावर पृथ्वीच्या अक्षापासूनचं अंतर घटून ८७ टक्के राहतं. कोनीय संवेग, म्हणजे अक्षापासूनचं अंतर आणि वेग यांच्या गुणाकाराने ठरणारा फिरण्याचा जोर, तोच राहायचा तर हवेचा वेग १,९३० पर्यंत वाढायला हवा, आणि तिथली जमीन मात्र १,४४६ नेच फिरतेय. फरक ४८० च्या वर! घर्षण आणि भोवरे यातला बराचसा खाऊन टाकतात. तरीही १२ किलोमीटर उंचीवर ताशी दीडशे-दोनशेचा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोत उरतो. हाच जेट प्रवाह, आणि विमानं उडतात तीही जवळपास याच उंचीवर. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल मानणाऱ्यांसाठी एवढंच, की हा वारा वार बघून वाहत नाही.

नागपूर झोताच्या गाभ्याच्या दक्षिणेला पडतं, म्हणून वाटेत सरासरी १०० चाच वारा धरू. जाताना वेग ७५०, वेळ ३ तास ४७ मिनिटं. येताना वेग ९५०, वेळ २ तास ५९ मिनिटं. दोन्हीची बेरीज वारा नसतानापेक्षा पाचेक मिनिटं जास्तच येते, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. पावसाळ्यात झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि हा फरक जवळपास मिटतो.

वरचा वारा मोजायला सोनेगावच्या हवामान केंद्रातून हायड्रोजनचा फुगा सोडतात. त्याला टांगलेलं रेडिओसाँड हे छोटं उपकरण तापमान, आर्द्रता कळवतं आणि फुगा किती वाहवत गेला त्यावरून वारा काढतात. जगभर ही निरीक्षणं एकाच वेळेची धरतात. आपल्याकडे ती पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचची.

तिकिटावरची वेळ चाकाखालचा अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण मिळून अर्धा तास वेगळा धरा. शिवाय दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. पहाटे ४ ला निघून सव्वाचार तास उडालात, तर तिथे पावणेसहाच वाजलेले असतील.